पूजेला बसलेला पाना

खंडेनवमीला आमच्या घरातलं सगळं लोखंड पूजेला बसायचं. कुदळ, खुरपी, कुऱ्हाड, आईची विळीसुद्धा. माझ्या वडिलांनी, अप्पांनी, जुनी गाडी घेतली तेव्हापासून त्यांचे पाने आणि जॅकही त्यात आले. अष्टमीच्या संध्याकाळी सगळं गरम पाण्यानं धुवायचं, नवमीला हळदकुंकू वाहायचं आणि दसऱ्याच्या सकाळपर्यंत कशालाच हात लावायचा नाही. भाजीसुद्धा हातानं मोडून करायची. हे सगळं आत्या बघायची. ती अप्पांची थोरली बहीण. तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आली आणि तेव्हापासून घर तिच्याच शब्दावर चालत होतं.

त्या वर्षी मी गुलबर्ग्याला वसतिगृहात राहून पीयूसी, म्हणजे अकरावी-बारावी, करत होते. शिक्षण पहिल्यापासून इंग्रजीत. एका सुटीत जेवताना भाकरी वाढणाऱ्या आत्याला मी चुकून ‘थँक्यू’ म्हणाले. पुढे वर्षभर ती प्रत्येक भाकरीला म्हणायची, “घे बाई, आन् म्हन काय म्हनायचं ते.” मी हसायची, पण त्यानंतर घरी औरादला आले की लागेल तेवढंच बोलायची.

माझी थोरली बहीण अक्का बाळंतपणाला आली होती. बाळ तीन महिन्यांचं झालं होतं आणि दसऱ्याला तिला मंठाळला सासरी पोचवायचं होतं. तिच्या सासऱ्यांचा निरोप आला होता की आम्ही जीप धाडतो, तुमची गाडी राहू द्या. अप्पांनी उलट कळवलं, “लेकराला माझ्या गाडीतनं मीच आणून सोडतो.”

मग दोन दिवस ते गाडीखालीच होते. गावात मिस्त्री नव्हता. एकेक चाक काढून त्यांनी जुनं ग्रीस पुसलं, नवं भरलं. मी ओट्यावर पुस्तक घेऊन बसायची आणि पुस्तकावरून त्यांच्याकडे बघायची. काढलेले नट ते चाकाच्या गोल पत्र्याच्या टोपीत ठेवायचे, म्हणजे मातीत हरवत नाहीत. अष्टमीला शेवटचं चाक चालू असताना आत्या बाहेर आली.

“आन तो पाना हिकडं. पानी निवायलंय.”

“जरा दम धर की.”

“दम कामून धरू? दरसाली तुजं हेच. द्येव काय तुज्यासाठी थांबायलाय?”

तिनं पाना त्यांच्या हातातूनच घेतला, जॅक काढायला लावला, तोही नेला. अप्पांनी तळहातानं थापटून टोपी बसवली आणि हात पुसत आत गेले.

दुसऱ्या दिवशी पूजा झाली. चार चाकांखाली चार लिंबं ठेवली, अप्पांनी ती चिरडत गाडी पुढे घेतली आणि पुढच्या डाव्या चाकातून आवाज आला. खड्, खड्, टक्. पुन्हा खड्, खड्, टक्.

“लिंबू आडकलं आसंल,” आत्या म्हणाली.

“लिंबू लोखंडावानी वाजतंय व्हय?”

अप्पांनी मला शेजारी बसवलं आणि गल्लीतून हळूहळू फेरी मारली. मान बाहेर काढून ते ऐकत होते. मग संतपूरच्या रस्त्याला गाडी जरा पळवली, परत आणली. दारात उतरले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

“बेरिंग गेलं. मीच चुकीचं बसवलं आसंल,” ते आईला म्हणाले. “आन् आता उघडून बगायला पाना न्हाई.”

“पूजेतला पाना उचलायचा न्हाई,” आत्या आतून म्हणाली. “तान्हं लेकरू जायलंय त्या गाडीत.”

अप्पा घरात आले. वही काढली आणि अक्काच्या सासऱ्यांना चिठ्ठी लिहायला बसले: जीप धाडावी. पाचच्या बसच्या कंडक्टरजवळ द्यायची होती. एवढ्याशा चिठ्ठीला त्यांना फार वेळ लागत होता. अक्का बाळाला मांडीवर घेऊन बघत होती. “जीप तर जीप, अप्पा,” ती हळूच म्हणाली. ते लिहीत राहिले.

मला एक गोष्ट माहीत होती. आवाज गल्लीत होता, मोकळ्या रस्त्यावर नव्हता. गाडी पळाली की थांबायचा आणि हळू झाली की परत सुरू व्हायचा. बेरिंग असतं तर वेगात वाढला असता. यामागचं कारण मला इंग्रजीत नीट सांगता आलं असतं. मराठीत सांगायला गेले तर अडखळणार, आणि आत्या ऐकणार. शिवाय अप्पांना त्यांच्याच गाडीबद्दल मी काय सांगायचं? त्यांनी चिठ्ठीची घडी घातली.

मी उठून आत्याच्या पानाच्या डब्यातली गोल चपटी डबी घेतली, तिच्यात एक सुपारी टाकली आणि अप्पांसमोर बसले.

“अप्पा, हे बघा.”

डबी चाकासारखी कडेवर उभी धरून फरशीवर जोरात सोडली. वेगात सुपारी कडेला दाबून राहिली, त्यामुळे ती आवाज न करता पळाली आणि भिंतीजवळ मंदावली, तशी आतली सुपारी खडखडायला लागली. खड्, खड्, टक्.

“माजी डबी!” आत्या ओरडली.

अप्पांनी डबी उचलून आणली आणि स्वतः सोडून बघितली. मग तिसऱ्यांदा. मग चिठ्ठी तशीच टाकून बाहेर गेले.

टोपी काढायलाही लोखंड नव्हतं. आईनं लाकडी कलथा दिला. त्यानं उचकटल्यावर टोपी निघाली आणि तिच्यातून एक नट मातीत पडला. चाकाला पाचाच्या जागी चारच नट होते. अप्पांनी त्यातल्या एकाला हात लावला आणि तो बोटांनीच फिरला. चारही तसेच. जॅक काढल्यावर पान्यानं आवळायचे राहूनच गेले होते.

अप्पा चाकाशेजारी मातीत बसून राहिले. दारात अक्का बाळाला घेऊन उभी होती, तिच्याकडे त्यांनी बघितलं नाही. आत्या आली, तिनं पडलेला नट उचलून पदरानं पुसला आणि त्यांच्या हातात दिला.

“म्याच वढून नेला की रं पाना,” ती म्हणाली.

“तू न्हेलास, पन इसरलो मी.”

दसऱ्याच्या सकाळी आत्यानं इतर कशाच्याही आधी पाना उचलला. तो अप्पांना न देता माझ्यापुढे धरला. त्याच्यावर कुंकू तसंच होतं. मी अप्पांकडे बघितलं.

“आवळ,” ते म्हणाले. “एक सोडून एक. मग मी एकदा बगतो.”

ते बघणार होते म्हणून मला बरं वाटलं.

मंठाळच्या गल्लीत गाडी शिरली तेव्हा अप्पांनी ती अगदी हळू केली, रस्ता मोकळा असूनही. मान बाहेर काढली. काही वाजलं नाही. अक्काचे सासरे दारात उभे होते.

“गाडी तर गप चालायली की हो तुमची,” ते म्हणाले. “कुन्या मिस्त्रीला दावली?”

अप्पांनी आधी बाळ अक्काच्या मांडीवरून उचलून त्यांच्या हातात दिलं.

“धाकटीनं बगितली,” ते म्हणाले.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी अक्काची पिशवी उतरवायला लागले. पिशवीच्या पांढऱ्या बंदाला माझ्या हातांवरचं पान्याचं कुंकू लागलं.