गंगासागरआत्याला एकच नग पटत नाही

उमापुरात माझ्या आत्याचं, गंगासागरचं, साडीचं दुकान आहे. गिऱ्हाईकाला पहिलीच साडी पसंत पडली तर तिला अपमान वाटतो. चार-पाच उलगडून, पदर खांद्यावर टाकून दाखवल्याशिवाय ती कुणाला जाऊ देत नाही. घड्या घालायचं काम तिच्या नवऱ्याचं, म्हणजे मामांचं, बोलायचं आत्याचं.

गेल्या वर्षी तिला पाळीत इतकं जायला लागलं, की दुकानातल्या गादीवरची पांढरी चादर काढून तिने चॉकलेटी टाकली आणि विचारणाऱ्यांना नवी फॅशन म्हणून सांगितलं. चार पायऱ्या चढली तरी धाप लागायची.

शेजारच्या शेळ्यावाल्या भामाबाईचा एकच सल्ला होता: पिशवी काढून टाक. आमच्याकडे हे दाढ काढण्याइतकं सहज सांगतात. भामाबाईनं स्वतः ऐन पंचविशीत, ऊसतोडीला जायच्या आधी उरकून घेतलेलं. कसला म्हणून त्रास नाही, असं ती दोन्ही हातांनी कंबर धरून खाली बसता बसता सांगायची. शिवाय पाळीच नाही, म्हणजे दर महिन्याला बाजूला बसायचं नाही. पण आत्या लिंगायत, त्या दिवसांतही तिची लिंगपूजा चालते; हा फायदा तिच्या काय कामाचा?

तालुक्याच्या डॉक्टरांनीही पिशवीच काढायला सांगितली, वर ऑपरेशनला सोमवारही देऊन टाकला. झालं, आत्या बिथरली. एकच नग दाखवणाऱ्या दुकानदारावर तिचा जन्मात विश्वास बसलेला नाही. मला आणि भामाबाईला घेऊन तिने बीडची एसटी धरली.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली, रक्त तपासलं, पिशवीच्या आतल्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्ट घ्यायला पुन्हा तिघी गेलो. वाईट काही नव्हतं, रक्त मात्र फार कमी झालेलं. त्यावर लोहाच्या गोळ्या दिल्या. मग आत्या सरसावून बसली.

पाळीच्या दिवसांपुरत्या घ्यायच्या गोळ्या ऐकून झाल्या. "दुसरं दाखवा," आत्या म्हणाली. हार्मोनच्या गोळ्या झाल्या. दुसरं दाखवा. तांबीसारखं दिसणारं, पण औषध सोडणारं, पिशवीत बसवायचं साधन निघालं. ते काही वर्षं चालतं. त्याच्या पुढे आतलं अस्तर जाळायचा उपाय, आणि अगदी शेवटी ऑपरेशन. आत्यानं ते साधन हातात मागितलं, दोरा ओढून पाहिला. सुरुवातीचे काही महिने अधूनमधून थोडं थोडं जात राहील, असं बाईंनी बजावलं.

"नव्या कापडाला खळ असतीच," आत्या म्हणाली. सौदा पटला. डॉक्टरीणबाई हसत हसत लिहायला लागल्या.

तेवढ्यात शेजारी बसून ऐकत असलेली भामाबाई बोलली. "मॅडम, मी काढली तवा ह्यातलं काई होतं का?"

बाईंचं लिहिणं थांबलं. "गोळ्या होत्या," त्या हळूच म्हणाल्या.

"मला कुणी दाखिवल्याच न्हाईत."

एवढंच बोलली ती. मला कुणाचा तरी गळा धरावासा वाटला, पण कुणाचा ते कळेना. तोंडाने दुकान चालवणाऱ्या आत्याने भामाबाईचा हात घट्ट धरला आणि तिथेच, बाहेरच्या बायकांना ऐकू जाईल अशी रडली.

शेवटी भामाबाईनंच तिला उठवलं. "चल गं," ती म्हणाली, "एसटी जाईल."