चिमणीपाशी अक्का

अक्का रोज दुपारी स्वतःच्याच चिमणीला गोळी घालायच्या. वेळ पावणेचारच्या आसपासची, स्टेज बहुतेक एकतिसावी, कधी बत्तिसावी. शत्रूचे टँक अजून लांब असायचे, मी वरच्या कोपऱ्यात एकाच्या मागे लागलेला असायचो, आणि खाली चिमणीची राखण करणारा अक्कांचा टँक हळूच तोंड वळवायचा. आधी एक वीट उडायची, मग चिमणी. खेळ खलास. अक्का रिमोट खाली ठेवायच्या आणि म्हणायच्या, "लागली की रं चुकून. असू दे. उद्या बघू शेवटी काय येतंय ते."

ज्यांच्या घरी कधीकाळी टीव्ही गेम होता, त्यांना मी कशाबद्दल बोलतोय ते कळलं असेल. बाकीच्यांसाठी सांगतो. पडद्यावर विटांच्या भिंती, वरून येणारे शत्रूचे टँक, आणि खाली मधोमध विटांच्या आडोशाला बसलेला एक पक्षी. तो पक्षी जपायचा, एवढाच खेळ. एक स्टेज संपली की दुसरी. दोघं खेळत असतील तर दोघांचे टँक पक्ष्याच्या दोन बाजूंना उभे असतात. शत्रूची गोळी पक्ष्याला लागली तर खेळ संपतोच, पण आपलीच लागली तरी संपतो. पक्षी गरुड असावा. अक्कांनी पहिल्याच दिवशी त्याला चिमणी म्हटलं आणि मग ती चिमणीच झाली.

सोलापुरात अशोक चौकाच्या मागच्या बाजूला आमची आणि अक्कांची घरं एका भिंतीची. अक्का तेलुगू विणकरांच्या घरातल्या. नवरा मागावर कामाला होता, तो लवकर गेला. अक्कांनी चाळीस वर्षं विड्या वळल्या. मांडीवर सूप, सुपात पाला आणि तंबाखू, आणि बोटं अशी चालायची की बघणाऱ्याला विडी कधी झाली ते समजायचं नाही. टीव्ही गेम घेतला होता तो श्रीनिवाससाठी. श्रीनिवास म्हणजे त्यांचा मुलगा, माझा वर्गमित्र. पोरानं उन्हात उंडारू नये म्हणून आणलेला. पोरगा शिकला, पुण्याला कंपनीत लागला, तिकडचाच झाला. गेम मात्र हितंच राहिला, आणि अक्का एकट्याच खेळू लागल्या. गल्लीतल्या बायका दुपारी मालिका बघायच्या. अक्कांच्या टीव्हीवर टँक.

"बोटं आखडत्यात," त्या सांगायच्या. "जरा मोकळी करते." चाळीस वर्षं बोटांनीच काम केलेल्या बाईचा विसावाही बोटांनीच, याचं मला फार नवल वाटायचं. एकदा तसं म्हटलं तर त्या म्हणाल्या, "मग काय नाकानं घेऊ इसावा?"

मी त्यांच्याकडे रोज जायला लागलो ते आप्पा अंथरुणाला खिळल्यावर. आप्पा, म्हणजे माझे वडील, एका सकाळी चहा पिता पिता उजव्या अंगानं लुळे पडले. वाचाही गेली. आई आधीच गेलेली, भाऊ पुण्याहून फोन करून धीर देणारा, आणि माझं लग्न राहून गेलेलं. मी चाटी गल्लीतल्या एका दुकानात चादरी विकतो. दुपारी दुकान दोन-अडीच तास बंद असतं, तेवढ्यात घरी यायचं, आप्पांना भरवायचं, अंग पुसायचं, चादर बदलायची. दिवसभर गिऱ्हाइकांपुढं चादरी उलगडायच्या आणि घरी येऊन ती एकच चादर उलगडायची. या गोष्टीची तक्रार नाही. पण माणूस थकतो. झोपून उठलं तरी जात नाही असला तो थकवा होता. कुणी "कसा आहेस" विचारलं तरी राग यायचा.

अशाच एका दुपारी, आप्पांचा डोळा लागला होता आणि मी उंबऱ्यात उगीच बसलो होतो, तेव्हा शेजारून हाक आली. "काय बघलालास तिकडं? रा. टँक लावलाय. मला एकटीला दोन रिमोट धरता येत न्हाईत." तेलुगूत रा म्हणजे ये. अक्का बोलावताना नेहमी तेलुगूत बोलवायच्या आणि बसल्यावर मराठीत बोलायच्या.

मी गेलो ते खरं सांगायचं तर उपकार म्हणून. एकटी म्हातारी आहे, मुलगा लांब, तासभर सोबत द्यावी. तीन वाजता जायचं, पावणेचारला उठायचं, आप्पांना चहा पाजायचा, दुकान गाठायचं. हा उपकार मी सहा वर्षं केला.

खोलीची मांडणी ठरलेली. टीव्ही जुना, मागून फुगलेला. गेमचा अॅडॉप्टर लवकर तापायचा, म्हणून तो माठाला टेकवून ठेवलेला. सोलापूरच्या उन्हाळ्यात त्या खोलीतली सगळ्यात थंड जागा त्या अॅडॉप्टरला दिलेली होती. कॅसेट लावायच्या आधी अक्का तिच्यात फुंकर मारायच्या आणि डोळे मिटून क्षणभर थांबायच्या. आणि टीव्हीचा आवाज पूर्ण बंद. "त्या टुंगटुंगीनं डोकं उठतंय माझं," असं त्यांचं म्हणणं. आम्ही मुक्यानंच खेळायचो. रिमोटची बटणं तेवढी वाजायची. भिंतीपलीकडून आप्पांनी डाव्या हातानं स्टीलचा पेला खाटेच्या दांडीवर आपटला, की अक्कांना माझ्याआधी ऐकू जायचं. "जा. पेला वाजला."

खेळात आमची कामं वाटलेली होती. "तू फिर. मी चिमणीपाशी हाय." मी पडदाभर हिंडायचो आणि त्या जागेवरून हलायच्या नाहीत. कधी माझीच गोळी त्यांच्या टँकला लागायची. या खेळात जोडीदाराची गोळी लागली तर टँक मरत नाही, नुसता थोडा वेळ जागच्या जागी थिजतो. अक्का त्यावर कधी चिडल्या नाहीत. "थांबवलास व्हय मला? बरं झालं. तेवढाच इसावा."

त्या कॅसेटमध्ये ढीगभर खेळ होते, पण रोज खेळायच्या लायकीचा हाच एक, हे अक्कांचं ठाम मत. मोटारसायकलचा खेळ त्यांना पसंत नव्हता. "नुसतंच पळायचं. कुणाला राखायचं न्हाय, काय न्हाय." उड्या मारत पुढं पुढं जायचा एक खेळ पोरांच्या फार आवडीचा होता. त्यात मागं वळता येत नाही, म्हणून त्यांनी तो बाद केला होता. श्रीनिवासनं एका दिवाळीला नवा, चकचकीत चित्रांचा गेम पाठवला. अक्कांनी तो दोन दिवस खेळून गुंडाळून ठेवला. "चांगला हाय. पण रोज पक्वान्न खातंय व्हय कोण? रोज भाकरीच लागतीय." आणि या खेळात काही साठवून ठेवता येत नाही, रोज पहिल्या स्टेजपासून सुरुवात, हेही त्यांना खटकत नसे. "विडीपण रोज पयल्यापासूनच वळतो की. काल वळलेली आज कामाला येतीय का?"

फक्त शेवट राहिला होता. पस्तीस स्टेजच्या पुढं काय येतं, ते बघायचं राहून गेलंय, असं त्या म्हणायच्या. राजाराणी येत असतील, फटाके उडत असतील, चिमणी उडून जात असेल. रोज नवा अंदाज. आणि रोज एकतिसाव्याला चिमणी मरायची.

मला त्यांच्या डोळ्यांची शंका आली. मोतीबिंदू असणार. मी एक दिवस रजा टाकून त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी दोन्ही डोळे तपासले आणि मलाच विचारलं, "यांना आणलंत कशाला? या वयात विडीच्या दोऱ्याची गाठ मारतायत. नजर तुमच्यापेक्षा चांगली आहे." रिक्षातून परत येताना अक्का बोटं चोळत बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "बोटं दमत्यात एकतिसाव्यापतुर. डोळ्याचं न्हाय ते." मी ते खरं मानलं. दमण्याबद्दल कुणी काही सांगितलं की मला ते लगेच पटायचं.

त्याच सुमारास दुकानातल्या माझ्या जोडीच्या सेल्समननं मोबाईलवर एक यादी पाठवली. अजूनही पुन्हा पुन्हा खेळावेत असे जुने गेम. आमचा टँक सातव्या नंबरवर होता. मला उगाच अभिमान वाटला. खाली कुणीतरी लिहिलं होतं, पस्तीसच्या पुढं काही नाही, परत पहिली स्टेज येते. मी चादरीची घडी तशीच धरून उभा राहिलो. अक्कांबरोबर रोज अंदाज करता करता मीही कशाची तरी वाट बघायला लागलो होतो, ते मला त्या वेळी कळलं. अक्कांना मात्र मी बोललो नाही. म्हाताऱ्या बाईची एवढी एक उत्सुकता उरलीय, ती आपल्या हातानं कशाला मारायची? उलट मीच त्यांना म्हणायचो, "अक्का, उद्या नक्की." आपण किती समजूतदार आहोत असं मला वाटायचं.

आप्पा माघ महिन्यात गेले. झोपेत गेले, पेला न वाजवता. तेरावं झालं, पाहुणे गेले, भाऊ पुण्याला गेला. दुसऱ्या दिवशी दुकानातून घरी आलो आणि घरात करायला काहीच नव्हतं. ताट एकच. चादर घडी घालून ठेवलेली. तीन वाजले तसा सवयीनं उठून शेजारी गेलो.

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. कॅसेटमध्ये फुंकर मारली, डोळे मिटले, लावली. आणि मग टीव्हीच्या बटणाशी हात नेऊन आवाज मोठा केला. सुरुवातीची ती छोटी धून खोलीत वाजली. शाळेत असताना ऐकलेली, पार विसरलेली. सहा वर्षं आवाज का बंद होता, हे मला तिथं बसल्या बसल्या समजलं. त्यांचं डोकं कधीच उठत नव्हतं. पेला ऐकू यायला हवा होता.

आम्ही खेळलो. एकतिसावी आली. मी वरच्या कोपऱ्यातून खाली बघत होतो. अक्कांचा टँक चिमणीपाशी उभा होता आणि त्याचं तोंड बाहेरच होतं. बत्तीस गेली. तेहेतिसाव्याला त्यांनी एकामागून एक तीन टँक असे उडवले की दमलेल्या बोटांची सगळी गोष्टच खोटी ठरली. चौतीस. पस्तीस. पडदा करडा झाला आणि त्यावर आकडा आला. एक.

"बघ," अक्का म्हणाल्या. "परत एक."

मला आश्चर्य वाटल्याचा चेहरा करायचा होता. जमला नाही.

"तुला म्हाईत हुतं," त्या म्हणाल्या.

"मोबाईलवर वाचलं होतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

"मला?" अक्का हसल्या. "श्रीनिवास नववीत हुता तवाच बघितलंय मी. त्यो रडला हुता. म्हटलं, रडतोस काय, परत खेळाय मिळतंय की."

"मग इतकी वर्षं शेवटी काय येतंय, शेवटी काय येतंय..."

"तसं म्हटल्याबिगर तू आला असतास व्हय? नुसतं येऊन बस म्हटलं असतं तर बसला असतास?"

"आणि चिमणी?"

"चिमणी मारली न्हाय तर तू उठतोस व्हय पावणेचारला? आप्पांचा चा कोण करणार, दुकान कोण उघडणार?" त्यांनी रिमोटची वायर गुंडाळायला घेतली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "लई दमला हुतास रे तू. तुला बसाय नको का कुटंतरी?"

आप्पा गेले तेव्हा लोकांच्या देखत डोळे ओले झाले होते, तेवढेच. त्या दिवशी मी अक्कांच्या खोलीत, माठाशेजारी, पोरासारखा रडलो. सहा वर्षं मी ज्या बाईवर उपकार करत होतो, ती बाई सहा वर्षं मला सांभाळत होती आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. अक्का मला रडू नकोस म्हणाल्या नाहीत. टीव्हीवर पहिली स्टेज सुरू झाली होती, तिच्याकडे दोघांचंही लक्ष नव्हतं. शत्रूनं चिमणी कधी मारली तेही कळलं नाही.

दिवाळीनंतर श्रीनिवास त्यांना पुण्याला घेऊन गेला. विड्या आता होत नव्हत्या, एकटं ठेवणं त्याला बरं वाटेना. टेम्पोत सामान चढत होतं तेव्हा अक्कांनी गेमची पिशवी माझ्या हातात दिली. "तिकडचा टीव्ही पातळ हाय. त्याला ह्याची वायर बसत न्हाय." मी तो टीव्हीही मागून घेतला. पुढच्या उन्हाळ्यात पुण्याहून फोन आला. अक्का गेल्या. मी दुकानात होतो. समोर गिऱ्हाईक होतं, त्याला दोन रंग दाखवायचे राहिले होते, ते दाखवले, आणि मग शटरच्या आड जाऊन उभा राहिलो.

आता मी दुपारी एकटाच खेळतो. सुरू करताना दोघांचाच खेळ लावतो. दुसरा रिमोट जमिनीवर पडलेला असतो आणि अक्कांचा टँक चिमणीशेजारी नुसता उभा राहतो. पहिल्या तडाख्यात तो जातो, मग राखणही मलाच करावी लागते, आणि ती किती अवघड आहे ते आता कळतं. हिंडणं सोपं होतं. तरी सवयीनं एकतिसाव्यापर्यंत पोचतो. आवाज मोठा असतो. भिंतीपलीकडून आता काही ऐकू यायचं राहिलेलं नाही. पुढं काय येतं ते मला ठाऊक आहे. पावणेचार होत आलेले असतात, चाटी गल्लीत दुकान उघडायचं असतं. मी टँकचं तोंड वळवतो, आधी एक वीट उडवतो, मग चिमणी, आणि रिमोट खाली ठेवून मोठ्यानं म्हणतो, "लागली की चुकून. उद्या बघू."