चौथा वन्समोअर

सावली गावच्या तंबू टॉकीजचा मशीनवाला बैलाशी बोलावं तसा मशीनशी बोलायचा. “चाल राजा, दचकू नको.”

एकदा चुकून इटलीच्या संगीत नाटकाची फिल्म आली. भाषा कोणालाच कळेना, पण शेवटी नायिका गात गात मेली आणि तंबूभर “वन्समोअर!” झालं. आमच्या झाडीपट्टीत नाटकातलं गाणं आवडलं की नटाला ते पुन्हा गावंच लागतं.

मी मशीनवाल्याला म्हटलं, “भाऊ, हा सिनेमा आहे.”

“मंग का झालं, गुरुजी? आपल्या नाटकात मेलेली बाई गाण्यासाठी उठत नाई का?”

त्याने रीळ हाताने उलटं गुंडाळलं. ती पुन्हा गायली, पुन्हा मेली. असं तीनदा झालं.

चौथ्या वन्समोअरला गळ्यातल्या दुपट्ट्याने घाम पुसत तो पब्लिकवर खेकसला, “बस्स! बाई थकली आता.”