डागमास्तरांचा कवडसा

सातपाटीच्या आमच्या शाळेतले डागमास्तर सूर्याकडे कायम पाठ करून बसत. खांद्यावरून दुर्बिणीची नळी, समोर पुठ्ठा आणि पुठ्ठ्यावर पडलेलं बशीएवढं सूर्यबिंब. त्यावरचे काळे डाग ते रोज पेन्सिलीने उतरवून घेत. मी त्याच शाळेत भूगोल शिकवायचो, पण सूर्य खरा पाहिला तो त्यांच्या ओट्यावर.

"हे दोन ठिपके सोमवारी जन्मले. आता बघा, केवढा गोतावळा जमलाय!" डाग फुगत, एकमेकांत शिरत, पृथ्वीहून मोठे होत. "यांचं चुंबकत्व जाळ्यासारखं गुंततं. पीळ सोसेना झाला की तुटतं, आणि सूर्य आपल्याच अंगाचा ढग भिरकावतो. आपल्या दिशेने आला तर दोन-तीन दिवसांत दारात!"

असा ढग आला की पृथ्वीचं चुंबकत्व हलतं, ते ओळखायला त्यांनी माजघरात, दाराशेजारी, बरणीत रेशमी धाग्याने चुंबक टांगलं होतं. चुंबकाला आरसा चिकटवलेला. त्यावरून दिव्याचा कवडसा समोरच्या भिंतीवर पडे. चार वर्षं मास्तर तो हलायची वाट बघत होते. मधूनच हलायचा, मास्तर "आलं वादळ!" म्हणून ओरडायचे, आणि दारात त्यांची बायको, आमच्या काकी, उभ्या असायच्या, हातात मासळी कापायची सुरी. लोखंड जवळ आल्यावर चुंबक वळणारच.

"तुमचा सूर्य माज्या सुरीला भितो," काकी म्हणायच्या.

पुढे मास्तरांना मोतीबिंदू झाला. पालघरला ऑपरेशन करून, दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून ते घरी आले, आणि नेमका त्याच आठवड्यात आजवरचा सर्वांत मोठा डागसमूह बिंबाच्या मधोमध आला. चित्रं काकी काढू लागल्या. बोंबील वाळत घालणारा हात, पण रेघ काय नेमकी! एका दुपारी ट्रान्झिस्टरवरची शॉर्टवेव्हची गाणी एकाएकी गप्प झाली.

"डाग फुटला. सूर्यावर भडका उडाला की शॉर्टवेव्ह अशीच बंद पडते," मास्तर पुटपुटले. "आणि मी असा पट्टी बांधून."

दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही. तिसऱ्या सकाळी मी त्यांच्याकडे बसलो असताना कवडसा सरकला. काकींनी आधी दाराबाहेर नजर टाकली.

"सुरी तर भायेर हाय," त्या म्हणाल्या, आणि मग किंचाळल्याच. "अवो, हलला! खरंच हलला!"

त्यांनी भिंतीवर आधीच्या जागी आणि नव्या जागी पेन्सिलीने खुणा केल्या. पंधरा कोटी किलोमीटरवरून निघालेलं काहीतरी त्या अंधाऱ्या माजघरात येऊन पोचलं होतं.

मास्तर चाचपडत उठले. "किती? किती हलला?"

काकींनी त्यांचा हात धरला, बोट पहिल्या खुणेवर टेकवलं आणि हळूहळू दुसऱ्या खुणेपर्यंत नेलं. जेमतेम दोन बोटांचं अंतर. मास्तरांची पट्टी भिजायला लागली.

"रडू नका. डॉक्टरांनी नाय सांगितलंय," काकी रडतच म्हणाल्या.

"पुन्हा ने," मास्तर म्हणाले.