लॉजच्या रजिस्टरात न आलेली मुलगी

नोकरीतली पुष्कळ प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठला आरोपी कुठल्या ठाण्याचा, हे आठवायला कधी कधी बायकोची मदत घ्यावी लागते. एक प्रकरण मात्र जसंच्या तसं लक्षात राहिलं आहे. त्यात रक्त नव्हतं, दागिने नव्हते. एक कागद होता आणि तो शोधायला आमच्या हातात आठ तास होते.

निवृत्तीला वर्षभर उरलं होतं. रत्नागिरीत एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून बाहेर आलो, तर ठाणे अंमलदाराच्या टेबलापुढे चोवीस-पंचवीस वर्षांची एक मुलगी उभी होती. अंमलदार तिला समजावत होता, "ताई, कागद गहाळ झाला अशी नोंद करू. दाखला लगेच देतो." मुलगी हलायला तयार नव्हती. "गहाळ नाही झाला, चोरीला गेलाय," एवढंच ती पुन्हा पुन्हा सांगत होती.

गहाळ लिहिलं की अंमलदाराचं काम पाच मिनिटांत संपतं, चोरी लिहिली की तपास करावा लागतो. हे गणित मला चांगलं ठाऊक होतं. मी तिला केबिनमध्ये बोलावलं आणि आमच्या महिला हवालदार बाईंना जबाब लिहायला बसवलं.

मुलगी हिंगोली जिल्ह्यातली. शिक्षक भरतीच्या यादीत तिचं नाव लागलं होतं आणि त्याच दिवशी जिल्हा परिषदेत मूळ कागदपत्रांची पडताळणी होती. आदल्या दिवशी दुपारी ती एस.टी.ने एकटीच रत्नागिरीला उतरली होती. सकाळी आवरून फोल्डर उघडलं, तर जात वैधता प्रमाणपत्राची मूळ प्रत जागेवर नाही. पडताळणीचा तो शेवटचा दिवस. संध्याकाळी पाचपर्यंत मूळ प्रत दाखवली नाही, तर तिचं नाव गळून प्रतीक्षा यादीतलं पुढचं नाव वर येणार होतं.

"आमच्या घरात महिन्याचा पगार आजवर कुणी आणला नाही, साहेब," ती म्हणाली. रडत नव्हती. रडणाऱ्या माणसाला पाणी देता येतं, न रडणाऱ्यापुढे आपणच अवघडतो.

"मुक्काम कुठे होता?"

"हॉस्टेलला. आधी लॉजवर गेले होते, पण तिथं..."

"ते राहू द्या. कागद जिथून गेला तिथलं सांगा," मी म्हणालो. हवालदार बाईंनी लिहायला उचललेलं पेन पुन्हा खाली ठेवलं.

हॉस्टेल म्हटल्यावर माझे कान टवकारले होते, हे कबूल करतो. विद्यार्थ्यांचं वसतिगृह नव्हे. हल्ली कमी पैशांत फिरणाऱ्यांसाठी निघालेलं, एका खोलीत सहा खाटा आणि खाटेप्रमाणे भाडं घेणारं. आमच्या हद्दीत असं एकच होतं. आमच्या पिढीला लॉज कळतं: खोली, कडी, कुलूप, रजिस्टर. सहा अनोळखी माणसं एका खोलीत झोपतात आणि सकाळी सगळ्यांचं सामान शाबूत राहतं, ही गोष्ट पटायला पोलिसाला जड जाते. चोर शोधायला फार लांब जावं लागणार नाही, असं मी मनाशी धरूनच जीपमध्ये बसलो.

हॉस्टेल समुद्राकडे उतरणाऱ्या रस्त्यावर एका घराच्या माडीवर होतं. चालवणारी बाई मूळची हर्णेची, मासळीच्या लिलावात उभं आयुष्य काढलेली. बायकांची खोली वेगळी, पुरुषांची वेगळी, जिनेही वेगळे. खाटेखाली प्रत्येकीचं कपाट. हिंगोलीच्या मुलीच्या कपाटाचं कुलूप पाहिलं. ओरखडासुद्धा नव्हता.

"तुमच्याकडे कोण कुठलं येतं, तुम्हाला काय माहीत?" मी बाईंना विचारलं.

"सगला माहीत असता," त्या शांतपणे म्हणाल्या. "आल्या दिवशी सगल्यांनी खाली माझ्या स्वैपाकघरात एकत्र जेवायचा, नाव-गाव सांगायचा. तो माझा नियमच हाय. कपाटाला कुलूप हाय, पण खरी राखण ह्या पोरींचीच. एक न्हाणीत गेली तरी दुसरीला ठाव असता."

मी मनात म्हटलं, लिलावातली बाई, बोलण्यात कशी हरेल.

खोलीत त्या वेळी चौघीजणी होत्या. पुण्याच्या दोन प्राध्यापिका सायकलवरून किनाऱ्याकिनाऱ्याने फिरत निघालेल्या, बंगळूरची एक चित्रकार आणि बीडची एक मुलगी. हवालदार बाईंनी पंचांसमोर सगळ्यांच्या पिशव्या पाहिल्या. काही मिळालं नाही. आदल्या संध्याकाळपासून कोण काय करत होतं, हे चौघींनी वेगवेगळं सांगितलं आणि ते एकमेकींशी जुळलं. हिंगोलीच्या मुलीने फोल्डर कपाटात ठेवलं आणि सकाळपर्यंत कपाट उघडलं नाही, एवढं चौघींच्याही बोलण्यात आलं.

माझा अनुभव सांगतो, साक्षीदारांचे जबाब फार जुळायला लागले की पोलिसाला संशय येतो. खरं म्हणजे तिथे संशय येण्यासारखं काही नव्हतं. एका खोलीत राहिलेल्या माणसांनी एकच गोष्ट पाहिली होती, इतकंच.

अकराच्या सुमारास माझा फोन वाजला. एस.टी. स्टँडजवळच्या एका लॉजचे मालक होते. सज्जन माणूस, दर महिन्याला रजिस्टर वेळेवर दाखवणारा, गणपतीत बंदोबस्तावरच्या पोरांना चहा पाठवणारा. ते म्हणाले, "साहेब, त्या हॉस्टेलात चोरी झाली म्हणे. आत प्रतीक्षा यादीतली दुसरी उमेदवार आहे, बीडची. बघा बुवा, आमचं आपलं सांगण्याचं काम."

बातमी पक्की होती. बीडची मुलगीही पडताळणीसाठीच आली होती आणि तिचं नाव प्रतीक्षा यादीत अगदी वर होतं. हिंगोलीचं नाव गळलं, तर तिची वर्णी लागण्याची शक्यता होती. हेतू मिळाला, संधी शेजारच्याच खाटेवर होती. इतकं सरळ प्रकरण फार दिवसांत हाती आलं नव्हतं.

बाईमाणसाला चौकशीला ठाण्यात बोलवायचं नाही, म्हणून तिथेच, बाईंच्या स्वयंपाकघरात, हवालदार बाईंना शेजारी बसवून मी चौकशी सुरू केली. चाळीस मिनिटं मी तिला सोडलं नाही. आवाज चढवला नाही. माझी ती पद्धत नव्हती. एकच प्रश्न पाच दिशांनी विचारायचा, आणि मध्येच गप्प बसून समोरच्याकडे बघत राहायचं. भले भले त्या गप्प बसण्याला घाबरतात. शेवटी म्हणालो, "तिचं नाव गेलं तर तुझं लागतं. कागद कुठे टाकलास ते सांग, शब्द देतो, वाढवणार नाही."

ती माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, "लागलं असतं तर माझ्या मार्कांनी लागलं असतं, साहेब. तुम्ही मला इतकं विचारलं. तिला एक विचारलं का, हॉस्टेलात यायच्या आधी फोल्डर कुणाकुणाच्या हातात गेलं होतं?"

"म्हणजे?"

"स्टँडजवळच्या लॉजवर मीपण गेल्ते. तिच्या आधी, दुपारी. त्यांनी माझे कागद मागितले. पडताळणीचं पत्र, यादी, सगळं वाचून काढलं आणि म्हणले, एकट्या बाईला खोली देत नाही. मी तिथंच उभी राहून कागद मोजून घेतले. ती काल जेवताना म्हणली, तिचेपण घेतले होते, झेरॉक्स काढायला आत नेले होते. ती लाजाळू आहे. तिनं मोजले नसतील."

मी हातातला चहाचा कप खाली ठेवला. ही बीडची मुलगी प्रतीक्षा यादीत आहे, हे मला कुणी सांगितलं? लॉजच्या मालकांनी. त्यांना ते कसं कळलं? तिने खोली घेतली नव्हती, त्यांच्या ओळखीची नव्हती, तिच्या कपाळावर यादी चिकटवलेली नव्हती. नव्या पोरांना मी नेहमी सांगायचो, बातमी देणाऱ्याला ती कुठून कळली हे आधी विचारा. त्या दिवशी मीच विचारलं नव्हतं, कारण बातमी मला हवी तशी होती.

शिवाय हिंगोलीची मुलगी सकाळी हेच सांगायला निघाली होती आणि मीच तिला गप्प केलं होतं.

बारा वाजून गेले होते. लॉजवर गेलो. मालक उठून उभे राहिले, खुर्ची पुढे केली, रजिस्टरही न मागता समोर ठेवलं. "बघा साहेब, काल एकटी मुलगी कोणी राहिलीच नाही."

रजिस्टर चोख होतं. आमच्याच शिपायाची सही होती. त्याच क्षणी मला जाणवलं, की एवढी वर्षं मी रजिस्टरं तपासली, पण त्यात नावं असतात ती खोली मिळालेल्यांची. ज्यांना दारातून परत पाठवलं, त्यांची नोंद कुठेच होत नाही.

"राहिली नाही ते दिसतंय," मी म्हणालो. "आली होती का?"

मालकांनी रजिस्टर मिटलं, पुन्हा उघडलं. मी गप्प बसून राहिलो. थोड्या वेळाने त्यांनी खालचा खण ओढला आणि एका मासिकात ठेवलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला. जात वैधता प्रमाणपत्र, मूळ प्रत, हिंगोलीच्या मुलीच्या नावाचं.

"ओळखपत्राबरोबर हाही झेरॉक्सच्या काचेवर ठेवला गेला आणि तिथेच राहिला, साहेब. आज सकाळी दुसऱ्या गिऱ्हाईकाचं आधार ठेवायला झाकण उचललं तेव्हा दिसला. द्यायलाच निघालो होतो. तेवढ्यात तुमचा शिपाई चहाला आला, म्हणाला चोरीची तक्रार आलीय. मग घाबरलो. आता नेऊन दिला तर चोर मीच ठरणार."

"म्हणून त्या दुसऱ्या पोरीवर ढकललंत?"

त्यांनी उघडा खण ढकलून बंद केला.

"खोली द्यायची नव्हती, तर झेरॉक्स काढायला कशाला गेलात?"

"द्यायचीच होती हो," ते एकदम म्हणाले. "दुपारी त्या बीडच्या मुलीला हॉस्टेलचा रस्ता दाखवून परत पाठवलं, ते मनाला लागलं होतं. माझी मुलगीपण परीक्षा देत फिरते. ही आली तेव्हा ठरवलं, देऊन टाकू. म्हणून झेरॉक्सला गेलो. आणि मशीनपाशी तुमचं आठवलं."

"माझं काय?"

"साहेब, तुम्हीच सांगितलं होतंत ना गेल्या वर्षी बैठकीत. एकटी बाई आली तर शक्यतो खोली देऊच नका, उगाच डोक्याला ताप नको. तेव्हापासून आमच्यापैकी कुणीच देत नाही."

मला आठवलं. घरातून भांडून आलेली एक बाई एका लॉजवर राहिली होती. तिचे नातेवाईक शोधत आले आणि तिथे मारामारी झाली. मला दोन दिवस वरून फोन येत होते. त्याच आठवड्यात लॉजवाल्यांची बैठक होती. चहा येईपर्यंत सहज मी ती दोन वाक्यं बोललो होतो. कुठे लिहिलं नव्हतं, कुणी काही विचारलं नव्हतं. मी विसरून गेलो, ते विसरले नाहीत. वर्षभरात किती जणी बॅग घेऊन त्या स्टँडवर उभ्या राहिल्या असतील, त्याचा हिशेब माझ्याकडे नाही. त्या खुर्चीत बसलेलो असताना मला माझी लाज वाटली.

गुन्हा नोंदवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मालकांचा जबाब घेतला, पावतीवर कागद ताब्यात घेतला, डायरीला नोंद केली. तीनच्या आत दोन्ही मुली जीपने जिल्हा परिषदेत पोचल्या. बीडच्या मुलीची मी माफी मागायला हवी होती. हवालदार बाईंनी तिला वाटेत वडापाव घेऊन दिला आणि मी तेवढ्यावर भागवलं. आज ते डाचतं.

सव्वाचारला हिंगोलीची मुलगी बाहेर आली. तिची पडताळणी झाली होती. माझ्या पाया पडायला वाकली, तेव्हा मी मागे सरलो.

"साहेब, एक विचारू?" ती म्हणाली. "काल त्या लॉजनंतर आणखी एका लॉजवर गेले होते, दोघंही म्हणाले, पोलिसांची सूचना आहे. कुणी काढली होती ती?"

हवालदार बाई जमिनीकडे बघू लागल्या. खोटं बोलायला जागा होती. "वरून आली होती," म्हटलं असतं तर तिने मान डोलावली असती.

"मी," मी म्हणालो. "तुमच्यासारख्यांच्या सुरक्षिततेसाठी."

ती रागावली नाही. म्हणाली, "हॉस्टेलवाल्या मावशी नसत्या, तर काल मी स्टँडवर बसले असते. ते सुरक्षित होतं का?" उत्तरासाठी ती थांबली नाही. बीडच्या मैत्रिणीचा नंबर पुकारला होता, तिच्याबरोबर ती आत गेली.

हॉस्टेल सुरक्षित की हॉटेल, असं हल्ली ओळखीतली तरुण मुलं विचारतात. मी सांगतो, कपाट आणि कुलूप दोन्हीकडे बघा, मूळ कागद हातातून सोडले तर मोजून परत घ्या, आणि जागा चालवणारं माणूस तुमचं नाव-गाव विचारतं का ते पाहा. बंद खोलीत चोरी झाली तर बघणारं कोणी नसतं, आणि सहा खाटांच्या खोलीत झाली तर बाकीच्या खाटांवर साक्षीदार मिळतात, हे मी त्या दिवशी पाहिलं. सगळी हॉस्टेलं तशी नसतात, हेही सांगतो. पण जी जागा तुम्हाला दारातूनच परत पाठवते, तिच्या कडीकुलपाचा तुम्हाला काय उपयोग?

पुढच्या आठवड्यात लॉजवाल्यांची बैठक बोलावली आणि म्हणालो, "एकट्या बाईला खोली द्यायची नाही, असं काही नाही. ओळखपत्र बघा आणि खुशाल द्या."

मग मागून एकजण म्हणाला, "लेखी द्या, साहेब."

मला हसू आलं. मनाई करताना कुणी कागद मागितला नव्हता. पण बाकी कुणी हसलं नाही, तेव्हा मीही थांबलो.

पाच ओळींचा मजकूर. तो लिहायला मला संध्याकाळ लागली. जे मागे घ्यायचं, ते मुळात कुणी आणि का सांगितलं होतं, हे आधी लिहावं लागत होतं. दुसऱ्यांचे जबाब मी उभ्या उभ्या लिहून घेतले होते. स्वतःच्या पहिल्या वाक्यावर तीन कागद फाडले. चौथ्यावर लिहिलं: "सदर सूचना मी स्वतः, कोणत्याही कायद्याचा आधार नसताना, तोंडी दिली होती." खाली सही केली, हुद्दा लिहिला आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक लॉजवर एकेक प्रत स्वतः नेऊन दिली.