मातीचा बैल आणि तीन ड्रॉइंगं

संगणकावर त्रिमिती मॉडेल करायला मी पन्नाशीत शिकलो. शिकवणारी मुलगी म्हणाली, "काका, वस्तू मनात फिरवायची तुम्हाला आधीच सवय दिसतेय." आहेच मुळी! ती मला सत्तरच्या दशकात साताऱ्यात लागली, एका मिस्त्रींच्या शिव्या खात.

मी विट्याकडचा. पंपाच्या कारखान्यात ट्रेसर होतो, म्हणजे दुसऱ्यांची ड्रॉइंगं गिरवायची. सहा महिन्यांनी परीक्षा होती. साहेब एक ओतीव भाग देणार. तो समोरून, वरून, बाजूने कसा दिसतो ते काढायचं. जमलं तर नोकरी कायम, नाहीतर मामाकडे, परमुलखात, सोनं गाळायच्या दुकानात. मामा देवमाणूस, पण तिथल्या ॲसिडच्या धुरात मला धाप लागायची. दोन महिने काढले होते.

आमच्याकडे ड्रॉइंगची रीत अशी, की वस्तू डावीकडून दिसते ते कागदावर उजवीकडे काढायचं. हे काही केल्या डोक्यात शिरेना. मी शेतकऱ्याचं पोर. डाव्या अंगाचा बैल उजवीकडे जुंपला तर गाडी चालेल का?

हे गाऱ्हाणं, मामाच्या दुकानासकट, मी कारखान्यातल्या मिस्त्रींना सांगितलं. ते सांगलीचे, तोंडानं फटकळ. ड्रॉइंग बघून लाकडी नमुना करायचे, त्यावरून पुढे वाळूत साचा व्हायचा. इंग्रजी अक्षर येत नव्हतं, पण ड्रॉइंग पोथीसारखं वाचायचे.

"आसं हाय व्हय? थांब गड्या," म्हणाले. बेंदूर, मातीचे बैल पुजायचा सण, तोंडावर होता. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी काळ्या मातीचा गोळा पुढ्यात टाकला. "बैल कर."

ते मला येत होतं. वशिंडासकट केला.

"कागदावर हुभा कर, शेपूट तुज्याकडं. वरनं कसा दिसतूय? काढ. आता उजवीकडं लोळव."

लोळवला. तो कागदाच्या उजव्या बाजूला आडवा झाला. एक शिंग मोडलं.

"मोडू दे! वर कंची कूस आली?"

"डावी."

"मग काढ की तिथंच! डोस्क्यात काय भुसा भरलाय का रं?"

आई शप्पथ, अंगावर काटा आला. एवढंच होतं? पुढचे पंधरा दिवस मी ताटातली भाकरीसुद्धा लोळवून बघत होतो.

परीक्षेला पंपाचं वाकडं तोंड दिलं, जड आणि ग्रीसनं माखलेलं. मनात काही फिरेना. शेवटी मी ते सरळ साहेबांच्या स्वच्छ फरशीवर ठेवलं आणि लोळवलं. "अहो, काय चाललंय हे?" साहेब ओरडले. मी काढत राहिलो.

साहेबांनी ड्रॉइंगवर स्वतः काही शेरा मारला नाही. त्यांनी मिस्त्रींना बोलावलं, कारण नमुना त्यांनाच करायचा होता. "यावरून काम होईल का? काय विचारायचं ते विचारा याला."

मिस्त्रींनी कागद खिडकीशी नेला. रेघन् रेघ बोटानं तपासली. मग त्यांनी घडी घालून तो खिशात ठेवला आणि साहेबांकडे न बघता मला म्हणाले,

"मामाला पत्र टाक. येत न्हाई म्हणावं."

मी तिथंच, साहेबांसमोर, ग्रीसच्या हातांनी तोंड झाकून रडलो.