लागलाय की कामाला

मुलगा भांडेनासा झाला, याची तिला धास्ती बसली होती. दोन वर्षं बेकार असलेला माणूस निदान पंख्याच्या वेगावरून तरी घर डोक्यावर घेतो. हा मात्र सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून भिंतीकडे बघत बसायचा.

छापखाना बंद पडल्यावर सरकारने त्याला वाऱ्यावर सोडलं, असं म्हणणं अन्यायाचं होईल. सरकारने त्याला शिकवलं. आधी नळजोडणी, तीही कोरड्या नळांवर. मग मोबाइल दुरुस्ती. तीस जणांत एक मोबाइल, तोही धडधाकट, म्हणून उघडायला मनाई. शेवटी पंधरा दिवस, मुलाखतीला खुर्चीत कसं बसावं. आता त्याच्याइतकं ऐटीत खुर्चीत बसणारं वस्तीत कोणी नव्हतं. समोर बसून प्रश्न विचारणारा तेवढा मिळत नव्हता. प्रमाणपत्रं प्लास्टिकमध्ये मढवून कपाटात होती, म्हणून मित्र त्याला ‘लॅमिनेशन’ म्हणत.

आणि खरंच जागा निघाली. पाण्याच्या टाकीवर पंपचालक, फक्त प्रशिक्षित बेकारांसाठी. लॅमिनेशन दुपारी धावत प्रशिक्षण केंद्रावर गेला आणि अर्ध्या तासात परत आला.

“काय झालं रे?”

“मी नोकरीला आहे म्हणे.”

“कुठे?”

“मीही तेच विचारलं. मॅडम म्हणाल्या, ते तुम्हालाच ठाऊक. महिन्यापूर्वी घरून कोणीतरी फोनवर सांगितलंय. ज्याने सांगितलं त्यानेच फोन करून खोडायचं, आज पाचच्या आत.” मग तिच्याकडे न बघता म्हणाला, “कोणी सांगितलं असेल, आई?”

“कोण जाणे,” ती म्हणाली.

तो भिंतीसमोर जाऊन बसला.

कोण जाणे काय! तिनेच सांगितलं होतं. त्यांच्या खोलीत मोबाइलला रेंज फक्त उंबरठ्यावर, आणि समोरच्या दारात शिवणवाली शेजारीण कायम मशीनवर. केंद्रातल्या मुलीने विचारलं, “मुलगा कामाला लागला का हो?” शेजारणीची मशीन नेमकी तेव्हाच थांबली. हिने मान ताठ करून सांगितलं, “लागलाय की! चांगल्या ठिकाणी.” पलीकडच्या मुलीला तर हर्षच झाला. कुठे, कसा, कधीपासून, काही न विचारता तिने अभिनंदन करून फोन ठेवला. एका वाक्यात सरकारी योजना यशस्वी झाली आणि घराची अब्रूही राहिली.

साडेचार वाजले. ती मोबाइल घेऊन उंबरठ्यावर आली.

“काय वहिनी,” शेजारीण दोरा दाताने तोडत म्हणाली, “चिरंजीव आज घरीच? चांगल्या ठिकाणी रजा बऱ्याच देतात हो!”

एरवी ती हसून आत गेली असती. आजही पाय वळलाच होता. पण आत तो तसाच बसलेला दिसला, पाठ ताठ, हात गुडघ्यांवर, अगदी शिकवल्याबरहुकूम.

ती परत फिरली.

“ताई, मशीन जरा बंद ठेवा,” ती म्हणाली. “मला मोठ्याने बोलायचंय.”

आणि तिने केंद्राचा नंबर लावला.